नेट नसलेल्या घरातले वायरलेस स्पीकर अपडेट कसे करायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरात सोनोस कंपनीचे चार स्पीकर आहेत, राउटर आहे पण त्याला बाहेरून नेट येतच नाही, गाणी सगळी नॅसवर, म्हणजे राउटरला जोडलेल्या हार्डडिस्कच्या डब्यात, ठेवलीत, वर्षभर छान वाजत होतं आणि आता फोनवरचं ॲप म्हणतंय आधी स्पीकर अपडेट करा, मगच पुढे जा. मग अपडेटची फाईल दुसरीकडून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणून टाकता येईल का?

नाही येणार. पंधरा वर्षांहून जास्त काळ मी हीच कामं करतोय, त्यामुळे हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे फाईल शोधण्यात तुमचे दोन दिवस जाणार नाहीत. सोनोसचा स्पीकर त्याचं फर्मवेअर, म्हणजे आत चालणारं सॉफ्टवेअर, स्वतः कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घेतो, फोन फक्त "सुरू कर" एवढं सांगतो. पेनड्राइव्ह लावायची सोयच नाही, आणि लॅपटॉपवर फाईल ठेवून स्पीकरला फसवायचं म्हटलं तरी फर्मवेअरवर डिजिटल सही असते, ती जुळली नाही तर स्पीकर ते घेत नाही, आणि हे चांगलंच आहे, नाहीतर कोणीही काहीही घुसवलं असतं.

मग उरतात दोनच रस्ते, नेट स्पीकरपर्यंत न्यायचं नाहीतर स्पीकर नेटपर्यंत न्यायचे. दोन्हीत एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की स्पीकरला काही बदललंय हे कळताच कामा नये. तोच राउटर, तेच वायफायचं नाव, तोच पासवर्ड, तेच आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते. बदल जो करायचा तो राउटरच्या मागे करायचा. लोक नेमकं उलटं करतात, स्पीकर नव्या नेटवर्कवर टाकायला बघतात, तिथे ते सापडत नाहीत, मग वैतागून रिसेट मारतात, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. रिसेटबद्दल पुढे सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं.

पहिला रस्ता आधी घेऊ. घराच्या आसपास मोबाईलची रेंज थोडी जरी येत असेल, छतावर असो नाहीतर एखाद्याच खिडकीत असो, तर एक छोटा ट्रॅव्हल राउटर घ्या. हा फोनचा हॉटस्पॉट पकडतो किंवा फोन यूएसबी केबलने त्याला जोडला की त्याचं नेट घेतो, आणि त्याच्या लॅन पोर्टमधून (आतल्या उपकरणांसाठीचं तोंड) साध्या केबलने ते नेट तुमच्या घरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत यायचं तोंड) देता येतं. झालं, आता घरच्या राउटरला वाटतं की आपल्याला नेट आलं, आणि स्पीकरच्या बाजूला काहीच हललेलं नाही. काही घरगुती राउटरमध्ये यूएसबी पोर्टवर थेट फोन लावायची सोय असते, तुमच्यात असेल तर मधला डबा पण नको. फक्त एक बघा, दोन्ही राउटरचा आयपी पट्टा, म्हणजे ते वाटतात त्या पत्त्यांची मालिका, वेगळा पाहिजे. घरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि ट्रॅव्हल राउटर पण १९२.१६८.१.१ वरच बसला असेल तर डेटाचं पाकीट कुठे पाठवायचं हेच घरच्या राउटरला कळत नाही आणि सगळे दिवे हिरवे असूनही नेट चालत नाही. अशा वेळी ट्रॅव्हल राउटरचा पट्टा बदला, घरच्याचा नाही. जीएल आयनेट कंपनीचे ट्रॅव्हल राउटर मुळातच १९२.१६८.८.१ वर येतात त्यामुळे त्यांच्यात ही भानगड सहसा होत नाही. एकामागे एक दोन राउटर बसल्याने डबल नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) होतं म्हणून काही जण घाबरतात, पण अपडेट उतरवायला त्याने काहीच फरक पडत नाही.

रेंज अजिबातच नसेल तर दुसरा रस्ता, आणि इथे एक युक्ती आहे जी बहुतेकांना सुचत नाही. स्पीकर घेऊन जाताना राउटर पण सोबत न्या. म्हणजे चारही स्पीकर आणि तो राउटर उचलून जिथे नेट आहे त्या घरी न्यायचे, तिथल्या राउटरच्या लॅन पोर्टमधून केबल काढून तुमच्या राउटरच्या वॅनमध्ये घालायची, स्पीकर चालू करायचे, फोन तुमच्याच वायफायवर ठेवायचा आणि अपडेट करायचं. आयपी पट्ट्याचं वर सांगितलेलं इथेही बघा, कारण तो घोळ इथेच जास्त होतो, दोन घरगुती राउटर एकाच पट्ट्यावर असणं अगदी कॉमन आहे. फक्त इथे ज्यांच्या घरी गेलात त्यांच्या राउटरला हात लावता येत नसेल तर तेवढ्या वेळापुरतं तुमच्याच राउटरचा पट्टा बदलावा लागतो, काम झालं की आठवणीने परत होता तसा करा, नाहीतर घरी नॅसचा रस्ता हरवतो. बाकी स्पीकरसाठी हे आपलंच घर आहे, ना नवं सेटअप ना पासवर्ड परत टाकणं. नॅस मागे ठेवला तरी चालतो, लायब्ररी तेवढ्या वेळापुरती सापडत नाही म्हणेल, परत गेल्यावर सापडते.

याऐवजी स्पीकर थेट दुसऱ्या घरच्या वायफायवर टाकला तर काय होतं? तिथे आधीच सोनोस असेल तर दोन सिस्टीम एकाच नेटवर्कवर येतात, ॲप गोंधळतं, आणि भलत्या बटणावर बोट पडलं की तुमचा स्पीकर त्यांच्या सिस्टीममध्ये जातो. टाळा.

चारातले तीन हलवता येतात आणि एक भिंतीत पक्का बसवलाय अशी परिस्थिती असेल तर मात्र थांबा. सोनोसमध्ये एका सिस्टीममधले सगळे स्पीकर एकाच व्हर्जनवर लागतात, तीन पुढे गेले आणि एक मागे राहिला तर तो एकटा अडकतो. अशा घरात नेटच आणावं लागेल, एका दुपारीपुरतं का होईना, सॅटेलाइटचं चालेल, कोणाचं तरी मागून आणलेलं चालेल.

आता हॉटस्पॉटची युक्ती. ट्रॅव्हल राउटर नसेल, दुसरं काही नसेल, तर फोनच्या हॉटस्पॉटला तुमच्या घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्यायचा, घरचा राउटर पूर्ण बंद करायचा, आणि स्पीकर एकदा बंद करून चालू करायचे. स्पीकरला नाव आणि पासवर्ड जुळला की पुरे, तो येऊन चिकटतो. आयफोनमध्ये हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचं नाव, ते जनरलमध्ये अबाउटमध्ये जाऊन बदलावं लागतं, आणि कॅपिटल, स्मॉल, स्पेस सगळं तंतोतंत तेच पाहिजे. हे चालतं, मी खूपदा केलंय, पण अडतं कुठे कुठे ते सांगतो.

एक म्हणजे बँड, वायफायची फ्रिक्वेन्सी. सोनोसचे बरेच जुने स्पीकर वायफायसाठी फक्त २.४ गिगाहर्ट्झ समजतात आणि नवे फोन हॉटस्पॉट ५ वर काढतात. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येतो, आयफोन १२ पासून पुढे "मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी" नावाचं बटण आहे ते चालू करा म्हणजे तो २.४ वर येतो. तसंच सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ वर ठेवा, डब्ल्यूपीए३ वर जुने स्पीकर जोडलेच जात नाहीत आणि कारणही सांगत नाहीत.

दुसरं, ज्या फोनवरून हॉटस्पॉट दिलाय त्याच फोनवरचं ॲप स्पीकर शोधू शकेल याची खात्री नसते. स्पीकर शोधायला ॲप नेटवर्कवर एक मल्टिकास्ट हाक, म्हणजे सगळ्यांना एकदम ऐकू जाणारी, मारतं, आणि फोन स्वतःच हॉटस्पॉट असला की ती हाक बरेचदा त्या बाजूला जातच नाही. म्हणून दुसरा फोन किंवा टॅबलेट घ्या, तो त्या हॉटस्पॉटला जोडा, आणि ॲप त्याच्यावरून चालवा. दोन फोन लागतात हे धरूनच निघा. आयफोनवर लोकल नेटवर्कची परवानगी ॲपला दिलीय ना तेही बघा, २०२० मध्ये आयओएस १४ आल्यापासून ती नसली की ॲप आंधळं होतं.

तिसरी अडचण जरा खोल आहे. तुमचा एखादा स्पीकर राउटरला केबलने जोडलेला असेल आणि बाकीचे त्याच्यामार्फत चालत असतील, म्हणजे ज्याला सोनोसनेट म्हणतात ते स्पीकरांचं आपसातलं जाळं, तर बाकीच्या स्पीकरांकडे तुमच्या वायफायचा पासवर्ड असेलच असं नाही. त्यांना तो कधी लागलाच नव्हता. अशा घरात हॉटस्पॉटला कितीही तेच नाव द्या, कोणी येत नाही, आणि माणूस दोन तास डोकं धरून बसतो. तिथे पहिलाच रस्ता, राउटरच्या मागून नेट देणं. आणि तुमच्यात एरा १०० किंवा एरा ३०० असेल, २०२३ मध्ये आलेले, तर त्यांच्यात सोनोसनेट नाहीच, ते वायफायवरच असतात, केबल लावायची तरी वेगळा अडॅप्टर लागतो. म्हणजे एकाच घरात दोन जातीचे स्पीकर असू शकतात, आधी कोण कशावर आहे ते बघून घ्या.

एखाद्या ठिकाणी पाहुण्यांसाठीचं वायफाय मिळतं, ज्यात आधी ब्राउझरमध्ये पान उघडून नाव-नंबर टाकावा लागतो. स्पीकरला ब्राउझर नाही, तो त्या पानापुढे जाऊ शकत नाही. ट्रॅव्हल राउटरने ते वायफाय पकडायचं, त्याला जोडलेल्या फोनवरून ते पान एकदा पार करायचं, मग मागचे सगळे स्पीकर त्याच दारातून जातात.

आता वेळेबद्दल, घड्याळातली वेळ. हे फार कमी लोक तपासतात. बऱ्याच स्पीकरांच्या आत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, वीज गेली आली की ते वेळ विसरतात आणि नेट मिळाल्यावर आधी टाइम सर्व्हरला विचारतात. सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करताना त्याच्या सर्टिफिकेटची, म्हणजे डिजिटल ओळखपत्राची, तारीख तपासली जाते, स्पीकरच्या मते वर्षच चुकीचं असेल तर सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असा त्याचा समज होतो आणि अपडेट "कनेक्ट होत नाही" म्हणून थांबतं. काही ऑफिसांच्या नेटवर्कवर टाइमचा पोर्ट, यूडीपी १२३, बंद केलेला असतो. तिथे हॉटस्पॉटवर करून बघा, बरेचदा लगेच होतं. आणि नेट दिल्या दिल्या अपडेट दाबू नका, दहा मिनिटं स्पीकर नुसते चालू राहू द्या.

सर्टिफिकेटचा विषय निघालाय तर अजून एक. वर्षानुवर्षं बंद पेटीत पडलेली उपकरणं याच कारणाने अडकतात, कारण त्यांच्या आतल्या विश्वासाच्या यादीतली मूळ सर्टिफिकेटं संपतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक मोठं मूळ सर्टिफिकेट संपलं, साईटना फुकट सर्टिफिकेट देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ज्यावर टेकून होती ते, आणि कितीतरी जुन्या उपकरणांना अनेक साईट उघडेनाशा झाल्या. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टचं आणि क्रोमकास्ट ऑडिओचं (टीव्ही किंवा स्पीकरला लावायचे छोटे डबे) असंच काहीसं झालं, सर्टिफिकेट संपलं आणि कास्टिंग, म्हणजे फोनवरून त्यांच्यावर गाणी-व्हिडिओ लावणं, बंद पडलं. गूगलने पुढे दुरुस्ती पाठवली, पण ज्यांनी घाईत फॅक्टरी रिसेट मारला होता त्यांची उपकरणं परत सेटअपच होईनात आणि त्यांना ती दुरुस्ती मिळायला जास्त थांबावं लागलं.

म्हणून कळकळीने सांगतो, नेट नसलेल्या जागी फॅक्टरी रिसेट कधीच करू नका. चालू असलेला स्पीकर नेटशिवाय वाजतो कारण तो कोणाचा आहे, कुठल्या सिस्टीमचा आहे हे त्याला आधीच माहिती आहे. रिसेट म्हणजे ती माहिती पुसणं, आणि ती परत भरायला कंपनीचा सर्व्हर आणि खातं लागतं. सुरुवातीच्या काळात एका डोंगरातल्या घरात सहापैकी एक स्पीकर दिसेना म्हणून मी तो रिसेट केला होता. बाकी पाच वाजत होते, तो एक परत सेट होईना, आणि तो स्पीकर गाडीत घालून खाली आणावा लागला. नंतर कळलं की राउटर बंद करून चालू केला असता तर तो आपोआप दिसला असता. त्या घरातल्या आजोबांच्या खोलीतला तो स्पीकर होता, त्यांना आठवडाभर गाण्यांशिवाय राहावं लागलं, ते मला आजही लागतं.

अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. बरीच उपकरणं नवं फर्मवेअर वेगळ्या जागेत लिहितात आणि पूर्ण झाल्यावरच तिकडे वळतात, त्यामुळे मधेच वीज गेली तरी बहुधा जुन्यावर परत येतात, पण शेवटच्या क्षणी गेली तर काय होईल याचा भरवसा मी देणार नाही. जनरेटर किंवा सोलरवरचं घर असेल तर बॅटरी भरलेली असताना करा. सोनोसच्या मूव्ह आणि रोमसारखे बॅटरीवाले स्पीकर पण चार्जरवर ठेवूनच करा. मोबाईल डेटा मोजका असेल तर लॅपटॉप, टॅबलेट, टीव्ही सगळं त्या नेटवर्कवरून काढा, नेट दिसलं रे दिसलं की तेही स्वतःची अपडेटं ओढायला लागतात आणि स्पीकर मागे राहतो.

बाकी कंपन्यांचं थोडक्यात सांगतो, कारण स्पीकर अजून घ्यायचे असतील तर हे बघून घ्या. यामाहाच्या म्युझिककास्टवाल्या ज्या रिसिव्हरना यूएसबी पोर्ट आहे त्यांना पेनड्राइव्हने अपडेट करता येतं. सोनी आणि सॅमसंगच्या बऱ्याच साउंडबारनाही तसं करता येतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, फाईल सगळ्यात वरच्या पातळीवर, सूचनेत सांगितलं असेल तरच झिप उघडायची, आणि ड्राइव्हवर दुसरं काही ठेवायचं नाही. मॅकवरून कॉपी केलं तर तो छोट्या लपलेल्या फाईली पण टाकतो, काही मशीन त्यानेच अडखळतात, म्हणून शक्यतो विंडोजवरून करा. बोसचे काही स्पीकर कॉम्प्युटरला केबलने जोडून अपडेट होतात, म्हणजे स्पीकर नेटच्या घरी नेला की वायफायचा प्रश्नच नाही. गूगल कास्टवर चालणारं काही नेट नसलेल्या घरात घेऊ नका, कास्ट सुरू व्हायलाच नेट लागतं.

आणि लॉजिटेकचे जुने स्क्वीझबॉक्स, म्हणजे नेटवर्कवरून गाणी वाजवणारे प्लेअर, कोणाकडे असतील तर ते टाकू नका हो. त्यांना गाणी आणि फर्मवेअर दोन्ही घरातल्याच सर्व्हरवरून मिळतं. लॉजिटेकने त्यांची ऑनलाइन सेवा २०२४ मध्ये बंद केली, पण घरातला सर्व्हर, जो आता लिरियन म्युझिक सर्व्हर नावाने चालतो, तो लोक आजही सांभाळतायत आणि प्लेअर वाजतायत. नेट नसलेल्या घरासाठी सगळ्यात शहाणी रचना मला तीच वाटते. साधा छोटा कॉम्प्युटर, त्यावर लिरियन, बस.

आता मूळ मुद्द्यावर परत येतो, अपडेट करायचंच का? तुमचे स्पीकर वर्षभर नीट वाजत होते, बिघडलं काय तर फोनवरचं ॲप. फोन कुठेतरी नेटवर असताना ॲप स्वतःच नवं झालं, तिकडे स्पीकर जुनेच राहिले, आणि दोघांचं जुळेना. यावर उपाय फोनच्या बाजूने करायचा. एक जुना फोन किंवा टॅबलेट फक्त स्पीकरसाठी त्या घरातच ठेवा, त्याचं ऑटो अपडेट बंद करा, त्यात सिमच घालू नका. तो आणि स्पीकर एकाच व्हर्जनवर थिजलेले राहतात आणि कोणी कोणाला अडवत नाही. सोनोसमध्ये अपडेट केलं की मागे जाता येत नाही, हेही विसरू नका. मे २०२४ मध्ये त्यांनी ॲप मुळापासून नवं केलं तेव्हा अलार्म, स्लीप टाइमर, घरच्या लायब्ररीत शोधणं असल्या गोष्टी सुरुवातीला गायब होत्या, कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, पण जुनं ॲप परत दिलं नाही, नसलेल्या गोष्टी एकेक करून नव्यात आणल्या. ज्याच्या घरात नेट नाही त्याची सगळी गाणी लायब्ररीतच असतात, त्याला असा बदल सगळ्यात जास्त लागतो. म्हणून मी नवं व्हर्जन आलं की लगेच घेत नाही, दोन-तीन महिने जाऊ देतो, मग बघतो.

पण कायमचं थिजवूनही ठेवू नका, सर्टिफिकेटचं वर सांगितलं तेच कारण. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, ठरवून करा. तुमच्या बाबतीत आत्ता ॲप पुढे गेलेलंच आहे त्यामुळे यावेळी करावंच लागेल. करायच्या आधी प्रत्येक स्पीकरचं व्हर्जन, आयपी आणि लायब्ररीचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट घ्या. तुमची सिस्टीम सोनोसच्या जुन्या एस१ ॲपवर आहे की नव्या एस२ वर तेही आधी बघा. एस१ असेल तर ते नॅसशी फक्त एसएमबीच्या (नेटवर्कवरून फाईली वाचायची पद्धत) पहिल्या व्हर्जनने बोलतं, आणि नॅस पण याच फेरीत अपडेट केला तर तो ते व्हर्जन बंद करून टाकू शकतो, मग स्पीकर ठीक, नॅस ठीक, आणि गाणी गायब. एकावेळी एकच गोष्ट अपडेट करा, एक दिवस वाजवून बघा, मग दुसरी. स्क्रीनवर एस१ मधून एस२ मध्ये जाण्याचा प्रस्ताव आला तर तो अपडेट समजून हो म्हणू नका, सोनोसचा पहिल्या पिढीचा प्ले:५ स्पीकर किंवा जुना कनेक्ट (दुसऱ्या ॲम्प्लिफायरला जोडायचा डबा) घरात असेल तर तो एस२ मध्ये येऊच शकत नाही.

झाल्यावर सगळं परत जागेवर लावा, आधी राउटर, तो पूर्ण उठला की स्पीकर, शेवटी ॲप. नेट नाही म्हणून फोन ते वायफाय सोडून मोबाईल डेटावर पळतो आणि मग ॲपला स्पीकर दिसत नाहीत, अँड्रॉइड विचारेल तेव्हा "कनेक्टेड राहा" आणि परत विचारू नको हे निवडा, आयफोनवर वायफाय असिस्ट बंद करा. आणि कोणता स्पीकर केबलवर आहे आणि कोणते वायफायवर, एवढं बघून मला कळवा, म्हणजे हॉटस्पॉटने भागेल की ट्रॅव्हल राउटर आणावा लागेल ते नेमकं सांगतो.